देशाचा ऊर्जा-हिशेब कसा जमतो आणि तो जिल्ह्यापुरता कसा मांडायचा

जालना जिल्हा वर्षाला एकूण किती ऊर्जा वापरतो? प्रश्न साधा आहे, पण त्याचं एका आकड्यातलं उत्तर जिल्हाधिकारी कार्यालयात मिळत नाही. विजेचा हिशेब महावितरणच्या मंडळ कार्यालयात असतो, पेट्रोल-डिझेलचा तेल कंपन्यांकडे, सिलिंडरचा गॅस एजन्सीकडे, बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, साखर कारखान्यांकडे. सरपण आणि गोवऱ्या तर कुणाच्याच वहीत नाहीत. दिल्लीतही तुकडे असेच विखुरलेले आहेत. तिथं ते एकत्र आणायची व्यवस्था बसवलेली आहे, एवढाच फरक. ती व्यवस्था नीट समजून घेतली तर तिचाच साचा लातूर, हिंगोली किंवा बीडला लावता येतो. हा लेख जिल्हा नियोजनात काम करणारे, संख्याशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी, आणि आकड्यांच्या मागे लागायची सवय असलेले पत्रकार यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. ऊर्जा मोजली जाते ती बहुतेक वेळा विकली जाते तिथं, वापरली जाते तिथं नाही. पुढं येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण यातूनच निघते. म्हणून हातात आलेल्या प्रत्येक आकड्याला पहिला प्रश्न विचारायचा: हा कुठल्या ठिकाणी मोजला?

दिल्लीत काम कसं वाटलेलं आहे

भारतात ऊर्जेचं एकच खातं नाही, म्हणून आकडेवारीही एका खात्याकडे नाही. विजेचं काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ७४ नुसार प्रत्येक परवानाधारकाला, वीजनिर्मिती कंपनीला आणि स्वतःपुरती वीज तयार करणाऱ्यालाही प्राधिकरणाला माहिती द्यावी लागते. कोणत्या नमुन्यात आणि किती दिवसांनी, हे प्राधिकरणाच्या २००७ च्या विनियमांत लिहिलेलं आहे. कोळशाचं काम कोळसा नियंत्रकांकडे आहे. त्यांचं कार्यालय १९१६ पासूनचं, आणि ‘कोल डिरेक्टरी’ तेच काढतात. तेल आणि वायूचं काम पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाकडे, म्हणजे पीपीएसीकडे आहे. तेलाचे सरकारी नियंत्रित दर उठले तेव्हा, एप्रिल २००२ मध्ये, हा कक्ष सुरू झाला. सौर, पवन आणि जैवऊर्जेसाठी नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय आहे. मोठे कारखाने किती ऊर्जा खातात हे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो पाहतो, त्याला आधार ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा.

या सगळ्यांचे आकडे सांख्यिकी मंत्रालयातलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय एकत्र करतं आणि दरवर्षी ‘एनर्जी स्टॅटिस्टिक्स इंडिया’ हा अहवाल काढतं. देशाचा ऊर्जा ताळेबंद त्यातच असतो. हे कार्यालय बहुतेक आकडे स्वतः गोळा करत नाही, दुसऱ्यांनी गोळा केलेले जुळवतं. या पद्धतीचा फायदा असा की ज्याला विषय कळतो तोच मोजतो. तोटा असा की प्रत्येकाची व्याख्या वेगळी, वर्ष वेगळं आणि एकक वेगळं. त्यामुळे जुळवणाऱ्याचा अर्धा वेळ भाषांतरातच जातो: टनाचं ज्यूलमध्ये, हंगामाचं आर्थिक वर्षात.

२०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने ऊर्जा आकडेवारीसाठी आंतरराष्ट्रीय शिफारशी स्वीकारल्या. कोणत्या इंधनाला काय म्हणायचं, ताळेबंदाच्या ओळी कोणत्या, याची सामाईक भाषा तिथून मिळते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ मध्ये उभी राहिली. भारत २०१७ पासून तिचा सहयोगी देश आहे. तिची वार्षिक प्रश्नावली पाच भागांत असते: कोळसा, तेल, नैसर्गिक वायू, वीज व उष्णता, आणि नवीकरणीय. जिल्ह्याच्या कामातही फाईली अशाच पाच करा. वाटलं तर ‘उष्णता’ सोडून द्या, आपल्याकडे ती विकली जात नाही.

पहिली पायरी: माहिती मागायचा अधिकार कुठून आणायचा

लोक इथं सगळ्यात आधी अडकतात. ‘वरून पत्र आणा’ हे उत्तर प्रत्येक कार्यालयात मिळतं, आणि ते अगदीच गैर नाही. कारखान्याचा इंधन वापर ही व्यापारी माहिती आहे.

सांख्यिकी संकलन कायदा २००८ इथं कामाला येतो. या कायद्यात माहिती मागवण्याचा अधिकार केंद्र आणि राज्याच्या खात्यांना तर आहेच, पंचायती आणि नगरपालिकांनाही आहे. विषय अधिसूचित करायचा, सांख्यिकी अधिकारी नेमायचा, मग नमुना पाठवायचा. दुसऱ्या बाजूने माहिती देणाऱ्यालाही संरक्षण आहे. दिलेली माहिती फक्त सांख्यिकीसाठी वापरता येते, आणि कुणाची ते ओळखू येईल अशा रीतीने छापता येत नाही. कारखान्याला पत्र लिहिताना हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घाला. आकडे आयकर किंवा प्रदूषण मंडळाकडे जातील ही भीती खरी असते, आणि ती गेल्याशिवाय मिळालेला आकडा खरा नसतो.

सरकारी कार्यालयाबाहेरून काम करणार असाल तर हा कायदा तुमच्या हातात नाही. मग तीन वाटा उरतात. पहिली, आधीच छापलेलं वाचणं. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढतं, त्यात विजेच्या वापराचा तक्ता असतो. दुसरी, माहिती अधिकार. तिसरी वाट मला सगळ्यात उपयोगी वाटते: जिल्हा सांख्यिकी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन बसणं. कोणता तक्ता कुणाकडून येतो आणि कुठला गेल्या वर्षाचाच पुन्हा चिकटवला जातो, हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं.

दुसरी पायरी: सीमा, वर्ष आणि एकक

सीमा म्हणजे भूगोल. महावितरणचं लातूर परिमंडल लातूर, बीड आणि धाराशिव असं मिळून आहे, तर नांदेड परिमंडलात नांदेड, परभणी आणि हिंगोली येतात. म्हणून परिमंडलाचा आकडा घेऊ नका, एका जिल्ह्यापुरत्या मंडळाचा घ्या. मंडळाच्या कडेची काही गावं शेजारच्या जिल्ह्यातल्या उपकेंद्रावर असतात. त्यांची यादी मागून घ्या आणि हिशेबातून काढा किंवा त्यात घाला.

वर्ष एप्रिल ते मार्च धरा. साखर कारखान्यांचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून त्यांच्याकडून वर्षाची बेरीज न मागता महिन्याचे आकडे मागा. दुष्काळाच्या वर्षी गळीत फेब्रुवारीतच आटोपतं आणि चांगल्या वर्षी एप्रिलात शिरतं. वर्षाची बेरीज घेऊन नंतर ‘साधारण अर्धं’ कापून टाकणारे हिशेब मी पाहिले आहेत, ते टाकून द्यायच्या लायकीचे होते.

एकक म्हणून ज्यूल घ्या. तक्त्यात गिगाज्यूल बरा पडतो, कारण मेगाज्यूलमध्ये शून्यं फार होतात. पाठ असावेत असे थोडे आकडे: विजेचं १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, किंवा ८६० किलोकॅलरी. १ टन तेल-समतुल्य (एक टन तेलाइतकी ऊर्जा) म्हणजे ४१.८६८ गिगाज्यूल, म्हणजेच ११,६३० युनिट. डिझेलच्या एका लिटरमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल, पेट्रोलच्या लिटरमध्ये ३३ च्या आसपास, इथेनॉलमध्ये फक्त २१. घरगुती सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस सुमारे ६७० मेगाज्यूलचा. वाळलेलं लाकूड किलोला १५ च्या आसपास, गोवरी त्याहून कमी, आणि अर्धी ओल असलेला बगॅस ७ ते ८.

कोळशाला असा एक आकडा लावू नका. खाणीप्रमाणे त्याची प्रत बदलते. वीज केंद्रात आलेल्या कोळशाचं उष्मांक मूल्य प्रयोगशाळेत काढलेलं असतं, तेच मागा.

तिसरी पायरी: ताळेबंदाचा सांगाडा

आकडे मागवायच्या आधी रिकामा तक्ता तयार करा, नाहीतर मिळेल ते गोळा होतं आणि हवं ते राहून जातं. आडव्या बाजूला इंधनं: कोळसा, पेट्रोल, इथेनॉल, डिझेल, एलपीजी, इतर तेलं, बगॅस, सरपण व काडीकचरा, गोवऱ्या, जलविद्युत, सौर, पवन, वीज. उभ्या बाजूला तीन गट.

पहिल्या गटात ऊर्जा कुठून आली: जिल्ह्यातलं उत्पादन, बाहेरून आलेली, बाहेर गेलेली, साठ्यातली घटवाढ. दुसऱ्यात तिचं रूप कुठं बदललं: वीज केंद्र, साखर कारखान्याचं (बगॅस जाळून वीज करणारं) सहवीजनिर्मिती केंद्र, आसवनी (इथेनॉल काढणारा कारखाना). तिथं गेलेलं इंधन उणे चिन्हाने आणि निघालेली ऊर्जा अधिक चिन्हाने लिहायची. केंद्राचा स्वतःचा वापर आणि वाहिन्यांमधली गळतीही याच गटात. तिसऱ्यात शेवटचा वापर: उद्योग, वाहतूक, शेती, घरं, दुकानं-कार्यालयं, सार्वजनिक पाणीपुरवठा व दिवाबत्ती.

बीड जिल्ह्याचा तक्ता मांडताना हे सगळं परळीत समजतं. परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रात आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण ७५० मेगावॅट. कोळसा रेल्वेने बाहेरून येतो, म्हणजे बीडच्या तक्त्यात तो आयात. जळतो तिथं तो उणे होतो आणि त्याच्या उष्णतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज अधिक होते. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यातून जाते. हा रूपांतरातला तोटा आहे, त्याला बीडचा वापर म्हणायचं नाही. निघालेली वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते, बीडला म्हणून वेगळी मिळत नाही. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येणारं पाणीच नव्हतं. तरी बीडच्या घरांतले दिवे त्यामुळे गेले नाहीत. जिल्ह्यातली निर्मिती आणि जिल्ह्यातला वापर या दोन वेगळ्या ओळी आहेत हे विसरलं की ‘बीड विजेत स्वयंपूर्ण’ असले मथळे छापून येतात.

जलविद्युत थोडक्यात आवरते. येलदरीचं २२.५ मेगावॅटचं केंद्र सरळ आहे, जेवढी वीज तेवढी ऊर्जा. पैठणला जायकवाडीच्या धरणाशी १२ मेगावॅटचा संच आहे, त्यात पाणी परत वर चढवायची सोय आहे. असं वर चढवलेलं पाणी पुन्हा खाली सोडून तयार झालेली वीज नवी ऊर्जा म्हणून लिहायची नाही, ती एकदा मोजून झालेली असते.

चौथी पायरी: वीज, आणि त्यातही शेतीची

घरगुती, व्यापारी आणि औद्योगिक वापराचे आकडे मीटरचे असतात. मंडळ कार्यालयाकडून वर्गवारीप्रमाणे महिन्याची विक्री मागा. जालन्यात एक जादा काम आहे. तिथल्या पोलाद उद्योगाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल जिल्ह्याच्या विजेचा मोठा वाटा खातात. पण मोठे ग्राहक मुक्त प्रवेशातून दुसऱ्या उत्पादकाची वीजही घेऊ शकतात. ती महावितरणच्या तारांतून येते, विक्रीच्या तक्त्यात मात्र दिसत नाही. ‘मुक्त प्रवेशाची वहन केलेली वीज’ असं स्पष्ट लिहून वेगळी मागितली तरच मिळते. छपरावरच्या सौर पॅनेलचंही तसंच आहे. नेट मीटर फक्त ग्रीडशी झालेली देवाणघेवाण दाखवतो. एकूण निर्मिती हवी तर निर्मिती मीटर पाहावा लागतो.

आता शेती. मराठवाड्यात हा सगळा हिशेब इथंच सुटतो किंवा फसतो.

राज्यातल्या कृषीपंपांचा एक मोठा भाग बिनमीटरचा आहे. त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते, आणि वापर म्हणून जो आकडा छापला जातो तो अंदाज असतो. हा अंदाज निरागस नसतो. उपकेंद्रात आलेल्या विजेतून मीटरची विक्री वजा केली की जे उरतं ते गळती आणि शेती यांत वाटायचं असतं. शेतीचा वाटा फुगवला की गळती आपोआप कमी दिसते. राज्य वीज नियामक आयोगाने दर ठरवताना महावितरणचा कृषी वापराचा दावा काटछाट करून धरलेला आहे, तो याच कारणाने. आयोगाचे दर-आदेश जाहीर असतात. लांबलचक असतात, पण शेतीवरचं प्रकरण तेवढं तरी वाचाच.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारची मोफत वीज आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने दिलासा, पण आकडे गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने पंचाईत. बिलावर भांडायला कुणी उरलं नाही, की चुकीचं रीडिंग दुरुस्त करून घ्यायलाही कुणी उरत नाही.

मग करायचं काय? पंपाकडून वर जाऊ नका, फीडरकडून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीकडून, खाली या. गावठाण आणि शेतीचे फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळे झालेले आहेत, आणि ३३/११ केव्ही उपकेंद्रात प्रत्येक फीडरला मीटर असतो. समजा, एका शेती फीडरवर वर्षभरात ३० लाख युनिट गेले. उच्चदाब आणि लघुदाब वाहिन्यांची तांत्रिक गळती मिळून १२ टक्के धरली तर ३ लाख ६० हजार गेले, उरले २६ लाख ४० हजार. त्याच फीडरवर शेतातल्या वस्त्यांचा मीटरवर नोंदलेला वापर २ लाख ४० हजार युनिट. उरले २४ लाख. फीडरवर मंजूर भार २,००० अश्वशक्ती असेल तर अश्वशक्तीला वर्षाला १,२०० युनिट पडले.

हा आकडा पटतो का ते बघा. १ अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणजे १,२०० युनिटला सुमारे १,६०० तास लागतात. दिवसाला आठ तास थ्री-फेज धरली तर २०० दिवस. आता शेताच्या बाजूने विचार करा. पावसाळ्यात पंप बंद. ऑक्टोबरपासून रब्बीची पाळी. कोरडवाहू पट्ट्यात विहिरी मार्चमध्ये तळ गाठतात, मग वीज असली तरी मोटार तासभरच चालते. तिथं २०० दिवस भरणं अवघड आहे. उलट जायकवाडीच्या कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात ते सहज भरतात. म्हणून एका फीडरवरून जिल्हा ठरवू नका. कोरडवाहू, कालव्याखालचा आणि नदीकाठचा असे गट पाडून प्रत्येकातले थोडे फीडर निवडा.

दुसरी गडबड मंजूर अश्वशक्तीची. कागदावर तीनचा पंप असतो आणि बोअरमध्ये पाचचा किंवा साडेसातचा, कारण पाणी खाली गेलं. वरच्या उदाहरणात खरा भार २,५०० निघाला तर अश्वशक्तीला ९६० युनिटच पडतात. फीडरची बेरीज मात्र बदलत नाही, म्हणूनच फीडरवरून आलेलं बरं. अश्वशक्तीचा दर दुसऱ्या फीडरला लावतानाच ही चूक वाढते. निवडलेल्या फीडरवरच्या काही डीपी (रोहित्रं) घेऊन लाईनमनसोबत मोटारींच्या पाट्या वाचाव्यात. लाईनमनला सगळं माहीत असतं, तारांवर चोरून आकडे टाकून चालणाऱ्या मोटारींसह. त्याला नावं विचारू नका, संख्या विचारा.

ग्रीडबाहेरचे सौर पंप कुठल्याच फीडरवर दिसत नाहीत. त्यांच्या पॅनेलची क्षमता आणि पंप प्रत्यक्ष चाललेले दिवस यांवरून वेगळा अंदाज करा आणि तक्त्यात सौर रकान्यात लिहा.

आणि जी वीज मिळालीच नाही ती कुठल्याच तक्त्यात येत नाही. भारनियमनाच्या वर्षांतला वापर कमी दिसतो, गरज कमी नव्हती. जुन्या वर्षांशी तुलना करताना तळटीप द्या.

पाचवी पायरी: पेट्रोल, डिझेल, गॅस

तेल कंपन्यांचे आकडे व्यवस्थित असतात, पण ते विक्रीचे असतात. मराठवाड्यातल्या बऱ्याच पंपांना तेल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून येतं, आणि डेपो आहे नाशिक जिल्ह्यात. म्हणून डेपोची उचल घेऊ नका, जिल्ह्यातल्या पंपांची विक्री घ्या. सुरुवात जिल्हा पुरवठा कार्यालयातून करा. तरी महामार्गावर टाकी भरून पुढं सोलापूरला किंवा नागपूरला गेलेल्या ट्रकचं डिझेल तुमच्या जिल्ह्याच्या नावावर पडणारच. देशपातळीवरही विमानं आणि जहाजं यांच्याबाबत हाच प्रश्न येतो, आणि तिथं आंतरराष्ट्रीय प्रवासाला दिलेलं इंधन वेगळ्या ओळीत काढतात. जिल्ह्यात ते शक्य नाही. पण महामार्गावरच्या पंपांची विक्री वेगळी दाखवली की वाचणाऱ्याला अंदाज येतो.

डिझेल कशात जळलं हे पंपावर कळत नाही. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये की जनरेटरमध्ये? पीपीएसीने यासाठी देशभर पंपांवर सर्वेक्षण करून घेतलं होतं. त्याचे निष्कर्ष २०१४ च्या सुरुवातीला जाहीर झाले: डिझेलपैकी ७० टक्के आणि पेट्रोलपैकी ९९.६ टक्के वाहतुकीत, आणि डिझेलचा सुमारे १३ टक्के वाटा शेतीत. हे प्रमाण परभणीला जसंच्या तसं लावू नका. पेरणीच्या आणि हरभरा-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तालुक्याच्या पंपावर दोन दिवस थांबून कॅनमध्ये किती जातं, ट्रॅक्टरमध्ये किती जातं हे लिहून काढा. उरलेल्या वर्षातलेही दोन-तीन दिवस घ्या.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते तुमच्याच जिल्ह्यातल्या आसवनीत तयार झालेलं असू शकतं. आसवनीतून निघालं तेव्हा उत्पादन आणि निर्यात, पेट्रोलमधून परत आलं तेव्हा आयात. दोन्हीकडे लिहा, पण पेट्रोलच्या लिटरला शुद्ध पेट्रोलचा ३३ चा गुणक लावू नका, मिश्रणाच्या प्रमाणात तो खाली येतो.

गॅसचं सोपं आहे. १४.२ किलोचे घरगुती आणि १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर वेगळे मागा. जोडण्यांची संख्या घेऊ नका, भरून नेलेल्या सिलिंडरची घ्या. उज्ज्वला योजनेनंतर, म्हणजे २०१६ पासून, जोडणी असणं आणि गॅसवर स्वयंपाक होणं यांतलं अंतर बरंच आहे.

सहावी पायरी: जे विकलं जात नाही

बगॅसचा वजनकाटा नसतो, पण उसाचा असतो. गाळप झालेल्या उसाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो. १ लाख टन गाळपाला २८ ते ३० हजार टन बगॅस, म्हणजे २ लाख गिगाज्यूलच्या थोडं वर. गाळपाचे आकडे साखर आयुक्तालयाकडे कारखानानिहाय असतात. कारखान्याने स्वतःच्या बॉयलरला किती वापरला आणि किती विकला, हे मात्र कारखान्यालाच विचारावं लागतं.

आता चूल. जनगणना घराला स्वयंपाकाचं मुख्य इंधन विचारते, एकच. पण चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि अंघोळीचं पाणी पऱ्हाट्यांवर, असं घर आपल्याकडे सर्रास आहे. कागदावर ते ‘गॅस’मध्ये जातं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कुटुंब खर्च सर्वेक्षणात फुकट आणलेल्या सरपणाचीही नोंद होते, ती बरीच बरी. तरी जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर स्वतःची पाहणी लागते.

गावं निवडताना जिल्ह्याचे गट पाडा. नांदेडमध्ये किनवटची जंगलकाठची गावं आणि देगलूरकडची शेतीची गावं एका गटात टाकली तर सरासरीला काही अर्थ उरत नाही. कापसाच्या गावात पऱ्हाट्या, तुरीच्या गावात तुराट्या, जिथं जनावरं जास्त तिथं गोवऱ्या. वर्षातून एकदा जाऊन भागत नाही. हिवाळ्यात पाणी तापतं, कापूस निघून गेल्यावर पऱ्हाट्यांच्या गंजी अंगणात येतात आणि पावसाळ्यात जळतण ओलं असतं म्हणून ते जास्त लागतं. तीन फेऱ्या हव्यातच.

प्रश्न असा विचारू नका: ‘महिन्याला किती सरपण लागतं?’ कुणालाच सांगता येत नाही. सांगितलं तर ते तुमचं मन राखायला सांगितलेलं असतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच विचारा: ‘मावशी, उद्या दिवसभराचं जळतण इथं काढून ठेवता का?’ ताणकाट्यावर ते तोला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जा आणि उरलेलं तोला. फरक हाच वापर. गोवऱ्या असतील तर दहा गोवऱ्या तोलून सरासरी काढा, घरोघर आकार वेगळा असतो. त्या दिवशी किती माणसं जेवली, पाहुणे होते का, जनावरांचं आंबोण शिजवलं का, हेही लिहा. वजनाच्या आकड्यासोबत ओल किती हे निदान ‘वाळलेलं, दमट, ओलं’ असं तीन शब्दांत नोंदवा. तेवढ्यानेही गुणक सुधारतो.

इथं अर्थ लावताना एक जागा फसवी आहे. एका सिलिंडरमधली ऊर्जा आणि ४५ किलो वाळल्या लाकडातली ऊर्जा जवळपास सारखी. पण साध्या चुलीत त्यातली दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीत साठ टक्क्यांच्या वर. ताळेबंदात आपण घरात आलेली ऊर्जा मोजतो, भांड्याला लागलेली नाही. त्यामुळे गाव चुलीवरून गॅसवर गेलं की गावाचा ऊर्जा वापर कागदावर घसरतो. ही घसरण गरिबीची नाही. हे न सांगता दहा वर्षांचा आलेख छापला तर वाचणारा उलटाच अर्थ काढतो.

सातवी पायरी: जुळवणी आणि उरलेला फरक

तक्ता भरला की प्रत्येक रकान्यात वरून खाली बेरीज करा: आलेली ऊर्जा, रूपांतर आपापल्या चिन्हाने, वजा केंद्राचा स्वतःचा वापर आणि गळती, वजा शेवटचा वापर. शून्य येणार नाही. हा सांख्यिकी फरक एका वेगळ्या ओळीत उघडपणे लिहा. आंतरराष्ट्रीय तक्त्यांतही ही ओळ असते. दोन-तीन टक्के असेल तर चांगलं काम झालं. दहाच्या वर गेला तर आधी एकक तपासा, मग सीमा, मग महिने. बहुतेक वेळा चूक या तिन्हींतच सापडते. आणि फरक बरोबर शून्य आला तर मला जास्त शंका येते. कुणीतरी एखादी ओळ बेरजेवरून उलटी काढलेली असते, आणि ती ओळ बहुधा शेतीची असते.

आणखी दोन तपासण्या कराव्यात. पहिली, माणशी आकडा काढून शेजारच्या जिल्ह्याशी ताडून बघा. हिंगोलीची घरगुती वीज माणशी छत्रपती संभाजीनगरपेक्षा जास्त आली तर कुठंतरी सीमा चुकली आहे. दुसरी, पावसाशी ताडून बघा. दुष्काळाच्या वर्षी बगॅस खाली यायला हवा. शेतीची वीज मात्र दोन्हीकडे जाऊ शकते: पाणी खोल गेलं म्हणून युनिट वाढतात, किंवा पाणीच संपलं म्हणून घटतात. कालव्याखालचे आणि कोरडवाहू फीडर वेगळे ठेवलेले असतील तर हे स्पष्ट दिसतं.

आठवी पायरी: छापणं, लपवणं आणि सुधारणं

जिल्ह्यात एकच आसवनी किंवा एकच मोठा कारखाना असेल तर त्याचा आकडा वेगळ्या ओळीत छापला की नाव न लिहिताही तो ओळखू येतो. एखाद्या ओळीत तीनपेक्षा कमी माहिती देणारे असतील तर ती दुसऱ्या ओळीत मिसळा. ही पद्धत बऱ्याच देशांची सांख्यिकी कार्यालयं पाळतात.

प्रत्येक आकड्यापुढे एक अक्षर लिहा: ‘मी’ मीटरचा, ‘वि’ विक्रीचा, ‘स’ सर्वेक्षणाचा, ‘अं’ अंदाजाचा. या एका रकान्यामुळे तक्त्याचा किती भाग पक्का आणि किती ढोबळ हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं. बीड-धाराशिवसारख्या जिल्ह्यात ‘अं’ आणि ‘स’ यांचा वाटा मोठाच निघेल, आणि तो लपवायची गरज नाही.

पहिली आवृत्ती तात्पुरती म्हणून काढा. देशाचे आकडेही आधी तात्पुरते छापले जातात आणि नंतर सुधारले जातात. महावितरणच्या बिलदुरुस्त्या आणि कारखान्यांचे उशिरा आलेले नमुने धरून सुधारित तक्ता पुढच्या वर्षीच्या तक्त्यासोबत द्या, आणि कोणती ओळ किती बदलली ते बाजूला लिहा. गुणकांची यादी, निवडलेल्या फीडरची नावं, पाहणीचा नमुना आणि कुणाकडे कोणत्या तारखेला पत्र गेलं याची नोंद असं सगळं एका फाईलमध्ये ठेवून तिची एक प्रत जिल्हा सांख्यिकी कार्यालयात द्या. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, विद्यार्थी पास होऊन जातात, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पत्रं पुन्हा त्याच कार्यालयांना जायची असतात.